स्क्रू पाव फेरा आत

मोटरसायकल घ्यायला पैसे लागतात, चालवायला परवाना लागतो, बंद पडल्यावर ढकलायला निदान एक मित्र लागतो. तिच्या आयडलिंगचा स्क्रू फिरवायला मात्र काहीच लागत नाही. झाकण काढायचं नाही, तेल गाळायचं नाही, हात काळे करायचे नाहीत. टाकीखाली कार्बोरेटरच्या अंगाला तो एका स्प्रिंगसकट बसलेला असतो. पेचकस लावला की फिरतो आणि फिरवल्याक्षणी इंजिनाचा आवाज बदलतो. केल्या कामाचं फळ इतक्या तातडीनं हातात पडण्याची सोय आपल्याकडे दुसऱ्या कुठल्या खात्यात नाही. त्यामुळे या एवढ्याशा स्क्रूभोवती माणसांची एक स्वतंत्र जमात तयार झाली आहे.

ही माणसं पेट्रोल पंपाच्या रांगेत भेटतात, एसटी स्टँडबाहेर भेटतात, लग्नाच्या मांडवामागे गाड्या लावायच्या जागी तर हमखास भेटतात. तुम्ही किक मारता. बाजूचं बोलणं थांबतं. एक मान तिरकी होते, डोळे अर्धवट मिटतात आणि प्रश्न येतो, "आयडलिंग जरा चढं वाटतंय, नाही?" उत्तराची वाट बघायचा रिवाज नाही. तोवर तो इसम तुमच्या गाडीशेजारी उकिडवा बसलेला असतो.

आमच्या गल्लीतले आबा या जमातीचे म्होरके. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. पांढरा शर्ट, त्याच्या खिशात एक पेन आणि एक छोटा पेचकस. पेन्शन काढायला बँकेत गेल्यावर सहीसाठी यातलं आधी काय बाहेर येईल याचा नेम नसतो. कोल्हापुरात राहून आबांना कुस्तीचा नाद नाही, गाण्याचा नाही, राजकारणाचाही नाही. त्यांच्यापुढे एखादा आमदार आणि एखादं कार्बोरेटर ठेवलं तर ते आमदारांना जरा बाजूला व्हा म्हणतील, उजेड अडतो म्हणून.

गाडी आहे हिरो होंडा सीडी 100. हिरो आणि जपानची होंडा यांनी 1984 साली हात मिळवला आणि 1985 मध्ये हरियाणातल्या धारूहेड्याच्या कारखान्यातून ही गाडी बाहेर पडली. तिच्या जाहिरातीत तीनच हुकूम होते : फिल इट, शट इट, फर्गेट इट. भरा, झाकण लावा, विसरून जा. आबांनी 1988 साली मोटरसायकल अग्रिम मंजूर करून घेऊन ती घेतली. पहिले दोन हुकूम त्यांनी पाळले. तिसरा त्यांना जिव्हारी लागला. "विसरा म्हणजे काय? शासकीय अग्रिमावर घेतलेली वस्तू आहे. उद्या कोणी विचारलं, कुठं आहे, तर विसरलो म्हणून सांगू?" अग्रिम कधीच फिटला, गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपली, मग पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घेण्याचे फेरेही झाले. आबा अजून विसरलेले नाहीत.

विसरू नये म्हणून त्यांनी वही ठेवली आहे. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, कचेरीत नोंदवही म्हणून असते ती. तिच्यातल्या काही नोंदी मी त्यांच्या परवानगीनं देतो.

'दि. 4. सकाळी गाडी चालू केली असता आयडलिंग मंद आढळून आले. स्क्रू पाव फेरा आत. आवाज समाधानकारक.'

'दि. 4, सायंकाळ. बाजारातून परत आल्यावर सकाळच्या कार्यवाहीमुळे आयडलिंग चढे झाल्याचे निदर्शनास आले. स्क्रू पाव फेरा बाहेर. आवाज समाधानकारक.'

'दि. 5. सकाळ. मागील पृष्ठावरील दि. 4, सकाळ प्रमाणे.'

'दि. 5. सायंकाळ. तत्रैव.'

असं वर्षानुवर्षं चाललेलं आहे. आता यातली गोम कुठल्याही मेस्त्रीच्या हाताखालचं पोरगं सांगेल. थंड इंजिन मंदच चालतं, आतलं तेल घट्ट असतं, पेट्रोल नीट वाफाळत नाही. म्हणून आयडलिंग लावायचं ते गाडी चांगली आठ-दहा मिनिटं फिरवून, इंजिन तापल्यावर. सकाळी थंड गाडीवर आवाज गोड करून ठेवला की दुपारी तीच गाडी सिग्नलला उभी राहून कोकलते. हे आबांना ठाऊक नाही असं नाही. पण ते पाळलं तर सकाळची नोंद कशाची करायची?

त्यांचा खरा दावा कानाचा आहे. या जातीच्या गाड्यांचं आयडलिंग कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे मिनिटाला 1400 फेरे असावं लागतं, शंभर इकडे किंवा तिकडे. सीडी 100ला फेरे दाखवणारा काटा नाही. मग 1400 ओळखायचे कसे? चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल पेटतं. म्हणजे सेकंदाला अकरा ते बारा ठोके. एवढं भराभर मोजणं माणसाच्या आवाक्यातलं नाही आणि आबा मोजतो असं म्हणतही नाहीत. ते म्हणतात, "चौदाशे मोजायचे नसतात. ते येतात." गाडी मेन स्टँडवर, आबा पाटावर, पेचकस स्क्रूत, डोळे मिटलेले. गल्लीतली पोरं क्रिकेट थांबवून उभी. पेचकस सूतभर इकडे, सूतभर तिकडे. मग आबांचा डावा हात वर होतो. "आले."

एकदा माझ्या पुतण्यानं, तो इंजिनिअरिंगला आहे, मोबाइलवर आवाजाचे ठोके मोजणारं काहीतरी उतरवून घेतलं आणि 'आले' झाल्यावर फोन सायलेन्सरजवळ धरला. सेकंदाला सोळा ठोके. दोननं गुणा, साठनं गुणा, एकोणीसशेच्या वर जातं. पुतण्यानं आकडा वाचून दाखवला. आबांनी तो फोन हातात घेतला, उलटा केला, मागचं झाकण पाहिलं आणि परत दिला. "याचंच आयडलिंग चढं आहे," ते म्हणाले.

आणखी एक चमत्कार त्या गाडीत होता. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की इंजिनाची रेस आपोआप वाढायची. बिंदू चौकातून डावीकडे वळताना गाडी उत्साहात येते, असं आबा पाहुण्यांना कौतुकानं सांगत. वास्तविक ही ॲक्सिलरेटरच्या केबलची तक्रार. मुठीला दोन ते सहा मिलिमीटर ढील असावी लागते. ती नसली की हँडल वळताना केबल ताणली जाते आणि कार्बोरेटर उघडतो. पण केबलच्या नटाला पेचकस चालत नाही, पान्हा लागतो. आबांच्या खिशात पान्हा नसतो. या जमातीचं सगळं वैद्यक खिशात काय आहे यावर ठरतं, हे माझं फार जुनं निरीक्षण आहे.

अशा या सुखी संसारात सायलेन्सर फटफटायला लागला.

आबा आणि त्यांची पत्नी आक्का पन्हाळ्याहून परत येत होते. वाघबीळच्या उतारावर आबांनी सवयीप्रमाणे मूठ पूर्ण सोडली, गाडी गिअरमध्येच उतरू दिली आणि मागून आवाज आला. फट्. मग फट् फट्. मग थोडं थांबून, आपण उतार संपला असं समजायला लागलो की, फडाड. रस्त्याकडेच्या शेळ्या पांगल्या. शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्यानं जो शब्द वापरला तो आक्कांनी घरी येऊन आम्हांला सांगितला नाही, पण आबांना उद्देशून तोच शब्द त्यांनी पुढे बरेच दिवस वापरला, असं शेजारी म्हणतात.

वहीत नोंद झाली : 'उतारावर मूठ सोडली असता सायलेन्सरमधून स्फोटसदृश आवाज. स्क्रू अर्धा फेरा आत.' पाव फेऱ्यावरून अर्ध्या फेऱ्यावर जाणं ही आबांच्या कारकिर्दीतली आणीबाणी होती.

फटफट थांबली नाही. मग आबा त्या स्क्रूच्या शेजाऱ्याकडे वळले. कार्बोरेटरवर आणखी एक स्क्रू असतो. मेस्त्री त्याला सरसकट एअर स्क्रू म्हणतात. हा खरा घरबुडव्या. काही कार्बोरेटरवर तो फिल्टरच्या बाजूला असतो, तिथे तो हवा मोजतो. आत पिळला की हवा कमी, मिश्रण जाड. काहींवर तो इंजिनाच्या बाजूला असतो, तिथे तो मिश्रणच सोडतो. आत पिळला की मिश्रण पातळ. म्हणजे एकच स्क्रू, एकाच दिशेनं फिरवला, तर एका गाडीचं जे भलं होतं त्यानंच दुसरीचं वाटोळं. गल्लीतल्या तज्ज्ञांत यावरून दोन तट पडले आणि दोन्ही तट आपापल्या गाडीच्या अनुभवावरून छातीठोक बोलत होते. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होते. वाद मिटत नाही तो अशाच वेळी.

मिश्रण जाड केलं की फटफट कमी व्हायची. आबा खूश. पण जाड मिश्रणानं आयडलिंग लडबडायचं, म्हणून पहिला स्क्रू आत. आयडलिंग चढलं की पेट्रोल जास्त. पंधरा दिवसांनी प्लग काढला तर काजळीनं काळाकुट्ट. प्लगच्या टोकाशी विटकरी रंग असला तर मिश्रण ठीक, पांढरं पडलं तर पातळ, काळं तर जाड, हे आबांना पाठ. झालं, मिश्रण पातळ. मिश्रण पातळ केलं की फटफट. फटफट आली की मिश्रण जाड. वहीची पानं भरत गेली, शेवटी आबांनी पुरवणी जोडली.

या काळात सल्ला द्यायला आलेल्या माणसांवर एक वेगळं व्यक्तिचित्र होईल. प्रत्येकजण आपल्या गाडीला शेवटचं जे झालं होतं तेच आबांच्या गाडीला झालंय म्हणून सांगत होता. ज्यानं नुकताच प्लग बदलला तो म्हणे प्लग. ज्याचा जेट तुंबला होता तो म्हणे जेट. टॅपेट, कॉकची जाळी, टाकीतलं पाणी, सगळे हजेरी लावून गेले. एकानं सायलेन्सरच्या तोंडात भांडी घासायची तारेची घासणी कोंबायला सांगितलं. आक्कांनी घासणी दिली नाही, हे या प्रकरणातलं एकमेव समंजस पाऊल.

साखर कारखान्याचे सभासद असलेल्या एका काकांनी मात्र अभ्यासपूर्ण मुद्दा काढला. पेट्रोलमध्ये इथेनॉल येतं. 2025 साली देशात त्याचं प्रमाण वीस टक्क्यांवर गेलं. निखळ पेट्रोलचा एक भाग जाळायला वजनानं साधारण साडेचौदा भाग हवा लागते, इथेनॉलला नऊच पुरते. नव्या गाडीचा संगणक ते ओळखून पेट्रोल वाढवतो. 1988च्या कार्बोरेटरला कोण सांगणार? त्याच्या जेटचं भोक ठरलेलं, तो जुन्याच मापानं ओतत राहतो आणि मिश्रण पातळ पडतं. मुद्दा खरा होता. अडचण एवढीच, की इथेनॉल उसापासून होतं आणि आबांचा स्वतःचा दीड एकर ऊस दरवर्षी त्याच कारखान्याला जातो. आपण पिकवलेलाच ऊस आपल्या सायलेन्सरमधून फटफटतोय हे ऐकून आबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "कारखान्यानं उसाची एफआरपी पूर्ण दिली असती तर फटफटला नसता."

मग पोलिस. दसरा चौकात सिग्नल पडला, आबांनी मूठ सोडली आणि सायलेन्सरनं सलामी दिली. हल्ली बुलेटवाली पोरं मुद्दाम असे बार काढतात. आतली जाळी काढलेला सायलेन्सर लावायचा, चालत्या गाडीत इंजिनाचा स्विच बंद करून पुन्हा चालू करायचा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं आणि बंदुकीचा बार होतो. असे सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतानाचे फोटो अनेक शहरांतून छापून आले आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 120वा नियम सायलेन्सरचाच आहे. चौकातल्या हवालदारानं त्या आवाजाच्या दिशेनं शिट्टी फुंकली, बाहीला हात घालून पुढे झाला आणि समोर पांढऱ्या शर्टातले आबा, मागे भाजीची पिशवी मांडीवर घेतलेल्या आक्का. दोन्ही बाजू काही वेळ निःशब्द. "सायलेन्सर मॉडिफाय केलाय का, आजोबा?" हवालदारानं विचारलं. आबांना त्यातला 'आजोबा' टोचला, बाकीचं आवडलं. घरी येऊन ते सांगत होते, "मॉडिफाय केलाय का म्हणाला. मला."

त्यांनी हवालदाराला पीयूसी दाखवली होती आणि तिथेच सगळ्या प्रकरणाची किल्ली होती, फक्त कुणाच्या ध्यानात आली नाही. पीयूसीवाला गाडी आयडलिंगलाच तपासतो. सायलेन्सरच्या तोंडात नळी घालून कार्बन मोनॉक्साइड मोजतो. मार्च 2000 पूर्वीच्या दुचाकींना साडेचार टक्क्यांपर्यंत सूट आहे. आबांच्या गाडीचा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली आला होता. आबांनी ती पावती प्लास्टिकमध्ये घालून घेतली. एवढी जुनी, एवढी फटफटणारी गाडी आणि एवढा स्वच्छ धूर कसा, हा प्रश्न गुणपत्रिका चांगली आली की कोणी विचारत नाही.

शेवटी आक्कांनी मागं बसायचं सोडलं आणि आबांना उद्यमनगर गाठावं लागलं. मीही बरोबर गेलो. शेतीच्या ऑइल इंजिनांपासून ओतकामापर्यंत लोखंडाचं कुठलंही काम तिथे होतं आणि लोखंड सोडून कुठल्याही विषयावर तिथे फार बोललं जात नाही. आबांचे मेस्त्री, ज्यांना सगळे वस्ताद म्हणतात, एका स्टुलावर बसून दुसऱ्याच गाडीची चेन धूत होते. आबांनी वही उघडली आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

"आबा, वही र्‍हाऊ द्या. गाडी चालू करा," वस्ताद म्हणाले.

गाडी चालू झाली. वस्तादांनी कार्बोरेटरकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पुढच्या चाकाजवळ खाली बसले. इंजिनातून सायलेन्सरचा बेंड जिथे बाहेर पडतो त्या गळ्यापाशी त्यांनी बोट दाखवलं. तिथे काजळीचा एक काळा पंखा उमटला होता. मग फडक्याचा बोळा करून त्यांनी मागं सायलेन्सरच्या तोंडावर क्षणभर दाबला. पुढून, त्या गळ्यातून, सुस्स असा आवाज आला. साबणाचं पाणी शिंपडलं तर तिथे बुडबुडे नाचायला लागले.

"पॅकिंग गेलंय."

आबांचा विश्वास बसेना. "पण फटफट उतारावर होते. मूठ सोडल्यावर. मिश्रणाचा दोष असणार."

"तुमची आक्का चुलीवर सैपाक करायची का न्हाई पूर्वी? चूल विझत आली की नुसता धूर हुतो. फुंकणीनं हवा घातली की भक्कन् पेटतो का न्हाई? मूठ सोडली की इंजनाला पेट्रोल पुरंना, काही ठोकं पेटत न्हाईत, तसंच कच्चं सायलेन्सरात जातं. गप निघून गेलं असतं बिचारं. पर ह्या फटीतनं भाईरची हवा आत वढली जाती. मागनं ठिणगी आलीच, की फाट. तुम्ही वर स्क्रू पिळत बसलासा, फुंकणी खाली चालूच हाय."

ही हवा आत ओढली जाते यावर आबांनी हरकत घेतली. आतून दाबानं धूर बाहेर येत असताना बाहेरची हवा आत कशी जाईल? हरकत चांगली होती. धूर नळीतून सलग वाहत नाही, ठोक्याठोक्यानं जातो. प्रत्येक ठोका पुढे गेला की मागे क्षणभर पोकळी पडते आणि फट असेल तर तेवढ्या क्षणात हवा शिरते. बुडबुडे बाहेर येतात ते ठोक्याच्या वेळी. आणि ती शिरलेली हवा सायलेन्सरच्या तोंडापर्यंत पोचून धुरात मिसळते, म्हणून पीयूसीचा आकडा एवढा देखणा. आबांनी प्लास्टिकमधली पावती खिशातून काढून पाहिली आणि परत ठेवली.

आयडलिंग खालीवर होण्याचं कारणही निघालं. कार्बोरेटर इंजिनाला जिथे जोडतो तिथे एक ओ-रिंग असते, ती वयानं दगड झाली होती. तिथेही हवा शिरत होती, तीही कुणाला हिशोब न देता. वस्तादांनी त्या सांध्यावर तेलाचे दोन थेंब सोडले, फट घटकाभर बुजली आणि आयडलिंगचा आवाज लगेच बदलला. "मागनंबी हवा, म्होरनंबी हवा. मधल्या मधी स्क्रूनं काय करायचं?"

पुढचा तासभर मात्र कोणी बोललं नाही. इतक्या वर्षांचे गंजलेले नट सोडवताना स्टड तुटला तर ड्रिल मारून तो काढावा लागतो आणि सोपं काम दिवसभराचं होतं. डिझेल चोळून, थांबून, जरा पुढे जरा मागे करत नट निघाले. तांब्याचं नवं पॅकिंग, नवी ओ-रिंग, केबलला ढील. गाडी एक चक्कर मारून तापवून आणली, मग वस्तादांनी स्वतःच्या पेचकसानं आयडलिंग लावलं. वेळ लागला तो एवढाच, पेचकस शोधायला. सगळ्या सामानाची किंमत दोघांच्या मिसळीएवढी झाली नाही.

आबा खूश व्हायला हवे होते. ते पडलेले दिसले. मला त्यांचं दुःख कळत होतं. आपल्या गाडीत कानाला, अनुभवाला, तपश्चर्येला आव्हान देणारं काही बिघडलंय, अशा समजुतीवर त्यांनी पुरवण्या जोडल्या होत्या. निघाली एक तांब्याची चकती. माणसाला बिघाड चालतो, पण तो आपल्या तोलाचा असावा लागतो.

"वस्ताद, आता रोज सकाळी स्क्रू साधारण किती..." आबांनी सुरुवात केली.

वस्तादांनी चेन खाली ठेवली. हात पुसले. "वही द्या," म्हणाले. मला म्हणाले, "तुम्ही लिवा, माझं अक्षर बरं न्हाई." मी लिहिलं : 'सदर गाडीच्या आयडलिंग स्क्रूस तसेच एअर स्क्रूस पुढील लेखी आदेश होईपर्यंत हात लावण्यात येऊ नये.' वस्तादांनी खाली सही केली आणि ड्रॉवरमधून गॅरेजचा रबरी शिक्का काढून मारला. आबांनी मजकूर दोनदा वाचला. "जावक क्रमांक?" वस्तादांनी वर '1' लिहिलं.

उभी हयात कचेरीत काढलेला माणूस. तोंडी कितीही सांगा, लेखी आदेश त्यानं कधी मोडला नाही. गाडी आता गुपचूप चालते. इतकी गुपचूप, की आक्कांची पंचाईत झाली. पूर्वी कोपऱ्यावर फटफट ऐकू आली की त्या चहाचं आधण ठेवायच्या. आता आबा दारात उभे राहतात तरी गॅस बंदच. पीयूसीचा आकडा दोन टक्क्यांवर गेला. मर्यादेच्या आत आहे, पण आबा तो कोणाला दाखवत नाहीत. दुरुस्तीनंतर धूर वाढला, असा वहीत स्वतंत्र शेरा आहे.

मध्यंतरी मुलानं त्यांना नवी बीएस-6 गाडी घेऊन दिली. एप्रिल 2020 पासून नव्या दुचाकींना हे प्रदूषणाचे नियम लागले आणि कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाले. आयडलिंग आता एक छोटा संगणक सांभाळतो. थंड असताना स्वतः चढवतो, तापल्यावर स्वतः उतरवतो. आबांनी वहीत जे वर्षानुवर्षं हातानं केलं ते तो सेकंदात करतो, नोंद न ठेवता. आबा पहिल्या दिवशी बॅटरी घेऊन गाडीखाली स्क्रू शोधत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शोरूमला फोन लावून स्क्रू बसवायचा राहिला आहे असं कळवलं. ती गाडी आता नातू चालवतो.

आबांना दिलेला आदेश फक्त 'सदर गाडी'पुरता आहे, हे माझ्या लिहिताना लक्षात आलं नाही. त्यांच्या लगेच आलं. त्यामुळे गल्लीतल्या बाकी जुन्या गाड्यांचं आयडलिंग सध्या ते बघतात.

तेव्हा कोल्हापूरकरांना एक विनंती. तुमची जुनी गाडी उतारावर फटफटत असेल तर आधी खाली बसून बेंडच्या गळ्याशी काजळी दिसते का ते पाहा, कार्बोरेटरच्या सांध्यावर तेलाचा थेंब टाका, केबलला ढील आहे का बघा आणि हे सगळं होईपर्यंत स्क्रूला हात लावू नका. आणि गाडी उभी असताना पांढऱ्या शर्टातले कोणी आजोबा मान तिरकी करून शेजारी थांबले, तर वाद घालू नका, गाडी बंद करू नका, त्यांच्या कानाची स्तुती तर मुळीच करू नका. लेखी मनाई आहे, एवढंच सांगा. जावक क्रमांक विचारतील. कुठलाही द्या.